आईच्या खोलीची उत्तरेची भिंत

६ ऑक्टोबर

दादा,

पत्रास कारण तुला न आवडणारे आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. आईच्या खोलीची उत्तरेची भिंत उघडायची आहे. त्यासाठी तुझी परवानगी हवी.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्यावर पाणी सांडले. दुसऱ्यात भलतेच काही लिहून बसलो, म्हणून फाडले. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझी गाडी पहिल्याच वाक्याला अडेल. लिहिताना निदान खोडता येते.

तू घर सोडून गेल्याला नऊ महिने झाले. प्रशिक्षण केंद्रातल्या बाईंनी मला त्यांच्या हाताखाली ठेवून घेतले आहे. केंद्र म्हणजे तीच बंद पडलेली लाकडाची वखार. आत आता छप्पर नसलेल्या सहा भिंती उभ्या आहेत, एक खोटे दार आहे, दोन खोट्या खिडक्या आहेत. गवंड्यांनी त्या बांधायच्या, तपासायच्या, पाडायच्या आणि पुन्हा बांधायच्या. ऊब आत कशी राहील, ओल बाहेर कशी राहील, हीटर कमी वेळ कसा चालेल, एवढेच शिकवतो. बाई म्हणतात, "गळकी बादली भरत बसू नका, आधी भोक शोधा."

येत्या वीस तारखेपासून अकरा जणांची तुकडी माझ्या एकट्याच्या हाती देणार आहेत. सगळे माझ्याहून मोठे. त्यात तुझा जुना सोबती पैलवानही आहे. आहे तसाच आहे, फुंकर मारली तर उडेल असा.

शेवटच्या आठवड्यात या तुकडीला एका राहत्या घराची भिंत उघडून, साफ करून, पोकळी ऊब धरणाऱ्या लोकरीसारख्या भरावाने भरून द्यायची असते. बाईंनी आपले घर निवडले. मी निवडले नाही. हे अधोरेखित करायला हवे होते, पण आपण शाळेत नाही.

आईला विचारले. ती भाजी निवडत होती. वरही न बघता म्हणाली, "ज्यानं बांधली त्यानं म्हटल्याशिवाय हातोडा लागणार नाही. तू कोण मोठा टिकोजीराव?"

मी म्हटले, "आई, थंडी आली. मागच्या थंडीत तू पलंग सोडून स्वयंपाकघरात निजलीस."

"यंदाही निजेन. तिथं चहा जवळ पडतो."

दर रविवारी ती तुझ्याशी फोनवर बोलते, पण भिंतीचे नाव काढायचे नाही असे तू बजावले आहेस, म्हणून ती विचारणार नाही. म्हणून मी विचारतो. तू तिकडे फरशा बसवतोस असे ती सांगते. भिंतीला हात लावत नाहीस असेही सांगते.

एका ओळीत उत्तर दे. ‘उघड’ किंवा ‘उघडू नको’. बाकी काही लिहायची गरज नाही.

तुझा धाकटा


२७ ऑक्टोबर

दादा,

उत्तर मिळाले. काल फोन झाल्यावर आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं पत्र पोचलं म्हणे. चोरून लिहितोस होय? तो म्हणाला, उघडू दे. फक्त त्याच्याच हातानं उघडू दे."

एवढे बोलून ती गेली. मी पुन्हा पुन्हा त्याच वाक्याशी येतो आहे. ‘त्याच्याच हातानं’ असे तू का म्हणालास, हे विचारत नाही.

तुकडी सुरू होऊन आठवडा झाला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर पोकळ भिंतीचे चित्र काढले. बाहेरचा विटांचा पदर, आतला पदर, मध्ये दोन इंच पोकळी, दोन्ही पदरांना धरून ठेवणारे तारेचे आकडे. सगळे बरोबर होते. मग मागे वळलो तर पैलवान मान वाकडी करून चित्र बघत होता.

"गुरुजी, वही बंद करून सांगता येतं का?"

सगळे हसले. मी वही बंद केली. पुढचे काही आठवेना. पुन्हा उघडली. पुन्हा हसले.

"विटेला स्वेटर घालणार म्हणे हे," पैलवान म्हणाला. "आमच्या बापजाद्यांच्या भिंती उघड्याबोडक्या उभ्या राहिल्या, एकीलाही शिंक आली नाही."

त्याला उत्तर चौथ्या दिवशी दिले. भिंतींवर प्लास्टिक ताणून खोली वरून बंद केली, खोट्या दाराला मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर ओढायला लावली आणि पैलवानाच्या हातात धुराची कांडी दिली. म्हटले, "काका, तुम्ही परवा बसवलेल्या खिडकीच्या चौकटीजवळ ही धरा." धूर सरळ वर जायला हवा होता. तो आडवा झाला आणि सापासारखा आत धावत आला. पैलवानाने कांडी खाली घेतली, वर घेतली, डावीकडे नेली. सगळीकडे तेच. मग तो गुडघ्यावर बसला आणि चौकटीच्या खालच्या फटीत बोट घालून बघत राहिला.

"हे कुणी बसवलं?" त्याने विचारले.

"तुम्हीच," कुणीतरी म्हणाले.

"मग शिव्या कुणाला घालू?"

त्या दिवसापासून तो मला गुरुजी म्हणतो ते निम्मे चेष्टेने आणि निम्मे नाही.

पण दुपारच्या सुट्टीत तुझा विषय निघालाच. त्यांच्यात एक नवा आहे, गावाबाहेरचा. त्याने पैलवानाला विचारले, "तो कचरा-गवंडी म्हणतात तो ह्याचाच भाऊ ना?"

हे नाव तुझ्या कानावर गेले आहे की नाही, मला माहीत नाही. इथे ते रुळले आहे. तू गावातला सगळ्यात स्वच्छ गवंडी होतास. तुझ्या परांचीखाली सिमेंटच्या मालाचा एक थेंब सापडत नसे, लोक चप्पल घालून यायलाही बिचकत. आता म्हणतात, सापडणार कसा, सगळा कचरा भिंतीच्या पोकळीत लोटत होता.

पैलवान ताटलीतून मान न काढता म्हणाला, "तो कचरा लोटणाऱ्यातला नव्हता." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण जानेवारीत बाईंच्या कॅमेऱ्यात दिसलं ते दिसलं. नाव तूच सांगितलंस."

मी पाणी प्यायला उठलो.

भिंत सतरा नोव्हेंबरला उघडायची. माझ्याच हाताने.

तुझा धाकटा


९ नोव्हेंबर, रविवार

दादा,

आई मावशीकडे गेली आहे, संध्याकाळी येईल. मी दुपारी छिन्नी-हातोडा घेऊन घरामागे गेलो होतो. आता परत येऊन हात धुऊन बसलो आहे.

जानेवारीपासून सांगतो. क्रमाने सांगितले नाही तर मी पुन्हा कुठेतरी लपेन.

तेव्हा मी बाईंच्या पहिल्या तुकडीत विद्यार्थी होतो. थंडीच्या एका सकाळी उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन बाई आमच्या पंधरा जणांना आपल्या घरी घेऊन आल्या. आईच्या खोलीत हीटर लावला होता. बाईंनी कॅमेरा उत्तरेच्या भिंतीकडे धरला. सगळी भिंत पिवळी दिसत होती आणि उशीच्या वीतभर वर एक निळा आडवा पट्टा होता. बाईंनी विचारले, "ही भिंत कुणी बांधली?" मी म्हणालो, "माझ्या दादानं." बाई म्हणाल्या, "पोकळीत माल साचलाय. तिथून गारवा आणि ओल आत येते." मागून कुणीतरी म्हणाले, "आणि म्हणे सगळ्यात स्वच्छ गवंडी!" हशा झाला.

तू दारात उभा होतास. कामावर निघाला होतास, खांद्याला पिशवी होती. तू त्या हसणाऱ्याकडे पाहिले नाहीस. पडद्याकडे पाहिलेस आणि मग माझ्याकडे. वाट बघितल्यासारखे पाहिलेस. मी वहीत तारीख लिहीत होतो. तारीख आधीच लिहिलेली होती. मी ती पुन्हा गिरवली.

तिसऱ्या दिवशी तू गेलास. घरात सगळे समजतात, तू अपमानाने गेलास. मीही लोकांना तेच सांगितले.

पण तो पट्टा सरळ होता, दादा. पोकळीत माल पडला तर त्याचा ढीग होतो, वेडावाकडा. हा पट्टा पट्टीने आखल्यासारखा होता, चार फूट लांब. बाईंच्याही नंतर ते लक्षात आले. परवा जुना फोटो काढून त्या म्हणाल्या, "हे विचित्र आहे बघ." मी म्हणालो, "हो, विचित्र आहे."

विचित्र काही नाही. ती तुझी पट्टी आहे.

तीन वर्षांपूर्वी तू ही भिंत बांधत होतास आणि मी तुझ्या हाताखाली होतो, एकोणीस वर्षांचा, मिशी फुटलेला, लहान म्हणून सुटायच्या वयाचा नव्हे. पोकळीच्या रुंदीची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना तार. ती खालच्या आकड्यांवर ठेवायची, वर विटा रचायच्या, सांडलेला माल पट्टीवर पडतो, सहा थर झाले की दोन्ही तारा धरून पट्टी वर ओढायची, साफ करायची, पुढचे आकडे टाकायचे आणि त्यांच्यावर पुन्हा ठेवायची. केंद्रात हे आता चित्रे काढून शिकवतात. तू कुठल्या केंद्रात गेला होतास? तुझ्या परांचीखाली थेंब नसायचा तो यामुळे. सगळा माल तू पट्टीवरून घमेल्यात परत घ्यायचास.

त्या दिवशी तू वाळूची गाडी आली म्हणून खाली गेलास. जाताना म्हणालास, "सहा थर झाले की पट्टी काढ, मग आकडे टाक." पट्टी आदल्या दिवशी भिजून फुगली होती. मी माझ्या बाजूची तार ओढली, ती तिरकी झाली आणि अडकली. ताजा थर हलला. मी घाबरलो. थर हलवलास म्हणून तू ओरडशील, असे वाटले. म्हणून मी हललेला थर ठोकून बसवला, त्याच्यावर आकडे टाकले आणि पुढच्या विटा रचल्या. तू वर आलास तेव्हा आकड्यांवर दोन थर चढले होते.

संध्याकाळी हत्यारे मोजताना तू विचारलेस, "दोन पट्ट्या होत्या. एक कुठंय?" मी म्हणालो, "कुणी उचलली असेल." तू माझ्याकडे पाहिलेस आणि म्हणालास, "बरं."

मी मनाशी धरून ठेवले होते की तार तुटली होती. तीन वर्षे मी स्वतःला तेच सांगत आलो. तार तुटली, मी काय करणार.

आज दुपारी मी बाहेरून मापे घेऊन जागा काढली आणि एक वीट सोडवली. फक्त एक. बॅटरी लावून आत बघितले. पट्टी तिथेच आहे, काळी पडलेली, वर मालाचा थर. आणि तार दिसली. तुटलेली नाही. आकड्याखाली दबलेली आहे, साबूत.

मी सांगतो मी कशाला गेलो होतो. बघायला गेलो नव्हतो. आज चार विटा काढायच्या, पट्टी ओढून घ्यायची, वखारीच्या भंगारात टाकायची, विटा परत बसवायच्या, आणि सतराला अकरा जणांसमोर भिंत उघडली की आत नुसता माल सापडेल असे करायचे, म्हणून गेलो होतो. पिशवीत ताजा मालही कालवून नेला होता. एवढी तयारी मी परीक्षेचीही केली नाही.

वीट परत बसवली. सांधा भरला नाही. सतराला तिथूनच सुरुवात करीन.

‘त्याच्याच हातानं’. कळले.

तुझा धाकटा


१८ नोव्हेंबर

दादा,

काल भिंत उघडली.

सकाळी अकरा जण, बाई आणि आई, एवढे घरामागे उभे. आईने शाल घेतली होती आणि खुर्ची आणायला नकार दिला होता. मी वहीत लिहून नेले होते काय बोलायचे ते. वही उघडली, पहिली ओळ बघितली आणि वही आईच्या हातात दिली.

म्हटले, "या भिंतीत कचरा नाही. माझ्या दादाची पट्टी आहे. ती मी आत विसरलो. विसरलो नाही, सोडली. जानेवारीत कॅमेऱ्यात दिसली तेव्हा मला माहीत होतं. मी गप्प बसलो."

एवढेच बोलता आले. अडखळत बोललो, पण सगळ्यांना ऐकू गेले.

मग मी छिन्नी लावली. एका वेळी चारच विटा काढायच्या, वरच्या विटांना आधार ठेवायचा, असे मी त्यांना तीन आठवडे शिकवले होते, तसेच केले. चौथी वीट निघाली तेव्हा पट्टीचे टोक दिसले आणि पैलवान पुढे आला. त्याने हात घालून वरचा माल खरवडला. लाकडावर तुझ्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत, थर मोजायच्या. त्याने त्यांच्यावरून अंगठा फिरवला.

"ही त्याचीच," तो म्हणाला. मग त्या नव्या गवंड्याकडे वळून म्हणाला, "काय रे, काय नाव ठेवलं होतंस त्याला? म्हण आता मोठ्यानं."

तो खाली बघत राहिला. मला त्याची कीव आली. नाव त्याने ठेवले नव्हते, त्याच्या कानावर फक्त आले होते.

"काका," मी म्हटले, "त्याला नको. मला विचारा."

"तुला काय विचारायचं? तुला तर झोडपायला पाहिजे." पण त्याने दुसऱ्या बाजूच्या विटा काढायला घेतल्या. त्या टोकाची तार मोकळी झाली तेव्हा त्याने ती बोटाला गुंडाळली. "धर तुझी. एकदम. एक, दोन."

दोघांनी मिळून ओढली आणि ती निघाली. दादा, सहज निघाली. जोर लावावा लागला नाही. फुगलेले लाकूड कधीच वाळले होते हे खरे, पण मला कळले की त्या दिवशीही ती निघाली असती. एकट्याने ओढली की तिरकी होते, दुसऱ्या टोकाला कुणी असले की सरळ वर येते. तू खाली वाळूपाशीच होतास. मी एक हाक मारायला हवी होती.

आई जवळ आली. मला वाटले ती काही बोलेल. तिने पट्टी बघितली, भिंतीतले भोक बघितले, माझ्या अंगावरची धूळ बघितली. म्हणाली, "दहा महिने मी त्याच्याशी भिंत सोडून सगळं बोलले. तुझ्यापायी." मग वही माझ्या हातात परत दिली आणि सगळ्यांना चहा टाकायला आत गेली. मला कप दिला तो सगळ्यांच्या शेवटी.

दुपारपर्यंत आम्ही पट्टीच्या जागेवरचा सगळा माल साफ केला. बाकीच्या भिंतीत काय होते सांगू? काही नाही. मूठभरही माल नाही. बाईंनी पूर्ण लांबीभर छोटा आरसा घालून बघितले आणि म्हणाल्या, "इतकी स्वच्छ पोकळी मी केंद्रातसुद्धा बघितली नाही." अकराही जणांना त्यांनी एकेक करून त्या आरशात बघायला लावले. नवा गवंडी सगळ्यात जास्त वेळ बघत होता.

शेवटी बाईंनी मला बाजूला घेतले. मला वाटले, आता केंद्रातून काढतील. मी सामान आवरायची मानसिक तयारी केली होती, हातमोजे केंद्राचे आहेत ते परत द्यायचे हेही आठवून ठेवले होते. त्या म्हणाल्या, "न बघता मीही बोलले होते. जानेवारीच्या अहवालात ‘बांधणाऱ्याचा निष्काळजीपणा’ असं लिहिलंय. ते दुरुस्त करायचं. तू लिही, मी सही करते." तो मी आज लिहिला. तुझे नाव कुठे कुठे घ्यायचे ते नीट तपासले. माझेही लिहिले.

तुझा धाकटा


३० नोव्हेंबर, रविवार

दादा,

आज तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होतो. आईने फोन माझ्या हातात दिला नाही, तूही मागितला नाहीस. पण तुझे बोलणे झाल्यावर ती फोन बाजूला धरून म्हणाली, "तो विचारतोय, पट्टी मोजलीस का? चार फूट दीड इंच असायला पाहिजे. एका टोकाला कापताना चुकली होती म्हणे."

मी जाऊन मोजली. दोनदा मोजली. चार फूट दीड इंच आहे, आणि डाव्या टोकाला करवत तिरकी गेलेली आहे. आईने तुला ‘हो’ एवढेच सांगितले, म्हणून सविस्तर लिहितो.

पोकळी भरून झाली. मंगळवारी सकाळी चांगली थंडी होती, बाईंनी कॅमेरा पुन्हा लावला. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच रंगाची दिसली. पैलवानाने पडद्यावर बोट ठेवून विचारले, "बिघडला की काय?" आई पलंगावर परत आली आहे. हीटर नऊला बंद करते आणि मला सांगत नाही, पण सकाळी तो गार असतो, मी हात लावून बघतो.

पट्टी धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवली आहे. तारा नव्या लावल्या नाहीत, जुन्याच धडधाकट आहेत. केंद्रात नव्या तुकडीच्या हातात ती पहिल्या दिवशी देतो, चित्र नंतर काढतो. आणि एकट्याला ओढू देत नाही. दोघे उभे करतो, दोन टोकांना, आणि दुसरा खाली गेला असेल तर थांबायचे आणि हाक मारायची, हे पाठ करून घेतो. कुणी विचारले की हे इतके का घोकायचे, तर सांगतो. प्रत्येक तुकडीला सांगणार आहे. सांगताना आता वही लागत नाही.

जानेवारीत आपल्याच गल्लीतल्या शाळेचे काम आहे. चार खोल्यांची एक रांग नव्याने बांधायची आहे, पोकळ भिंतीची, आणि ती केंद्राच्या गवंड्यांनी बांधायची आहे. मी यादीत तुझे नाव लिहिले नाही. तुला न विचारता तुझ्या नावावर मी आता काही लिहिणार नाही. जागा रिकामी ठेवली आहे.

तोपर्यंत माझ्यासमोरच्या टोकाला पैलवान उभा राहतो. तुला निरोप द्यायला सांगितला आहे, जसाच्या तसा देतो: "म्हणावं, माझी कंबर गेली. तुझं टोक तू येऊन धर."

तुझा धाकटा